एका हातानें बांधलेली माशी

इ. स. १७९७ च्या जुलै महिन्यांतील चोविसाव्या रात्रीं कॅनरी बेटांपैकीं टेनेरीफ येथील सांताक्रूझ बंदरावर इंग्रजी आरमाराच्या कांहीं होड्यांनीं छापा घातला. छापा साफ फसला. किनाऱ्यावर पाऊल टाकण्याच्या बेतांत असतांनाच तुकडीच्या नायकाच्या उजव्या दंडांत गोळी शिरून हाड चुरडलें, आणि जहाजावर परत आणल्यावर शस्त्रवैद्यानें तो हात कोपराच्या वर कापून काढिला. हा नायक म्हणजे होरेशिओ नेल्सन. ट्रॅफल्गारची लढाई त्यानंतर आठ वर्षांनीं, १८०५ सालीं झाली. म्हणजे ज्या विजयामुळें नेल्सनचें नांव शाळेंतल्या मुलांनाही पाठ असतें, तो एका थोट्या सेनापतीचा विजय होता. इतकें बहुतेकांस ठाऊक आहे. फारसें ठाऊक नसतें तें हें कीं, नेल्सनला पिसांच्या कृत्रिम माशीनें मासे धरण्याचा मोठा नाद होता आणि उजवा हात गेल्यावरही तो सुटला नाहीं. उरलेल्या डाव्या हातानें त्यानें तो चालू ठेविला. ही गोष्ट सर हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानें १८२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘साल्मोनिया’ या पुस्तकांत नमूद केली आहे. खाणींतील सुरक्षित दिव्याचा जनक तो हाच डेव्ही.

आपल्याकडे गळ म्हटला कीं डोळ्यांपुढें येतो तो गांडूळ किंवा कणकेची गोळी लावलेला आंकडा आणि नदीकांठीं उकिडवा बसलेला मनुष्य. थंड देशांतील खळाळत्या ओढ्यांत ट्राउट जातीचा मासा असतो, त्याची रीत निराळी. पाण्याच्या तळाशीं वाढणारे किडे विशिष्ट ऋतूंत पृष्ठभागावर येऊन पंख फुटून उडूं लागतात, आणि मासा त्यांवर झेंप घालतो. हे किडे इतके नाजूक कीं आंकड्यास टोंचले तर त्यांचा चुरा होईल. म्हणून माणसानें खोटा किडा केला. आंकड्याच्या दांडीवर रेशमाचा धागा गुंडाळून तिचें अंग करावयाचें, लोकरीचें किंवा सशाच्या केसांचें पोट भरावयाचें, कोंबड्याच्या मानेचें पीस भोंवतीं फिरवून पाय करावयाचे, बदकाच्या पिसाचे पंख बसवावयाचे आणि डोक्याशीं गांठ मारून धागा तोडावयाचा. तयार वस्तु बहुधा नखाएवढी. तिला इंग्रजींत नुसतें ‘फ्लाय’ म्हणतात. येथें ‘माशी’ म्हटल्यास चालेल.

ही युक्ति फार जुनी आहे. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास इलियन नांवाच्या रोमन लेखकानें प्राण्यांविषयींच्या आपल्या ग्रीक ग्रंथांत मॅसिडोनियांतील लोकांचें वर्णन केलें आहे. आस्ट्रायस नदीवरील ते कोळी आंकड्यावर तांबडी लोकर गुंडाळीत आणि तिला कोंबड्याच्या गळ्याखालचीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें बांधीत. इंग्लंडांत १४९६ सालीं छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील पुस्तिकेंत अशा बारा माशांच्या कृती आहेत. ती पुस्तिका परंपरेनें ज्यूलियाना बर्नर्स नांवाच्या एका जोगिणीच्या नांवावर चालत आली आहे. १६५३ सालीं आयझॅक वॉल्टनचें प्रसिद्ध पुस्तक निघालें, आणि १६७६ सालीं चार्ल्स कॉटननें त्यास माशीच्या मासेमारीचा भाग जोडला. तेथून पुढें या विषयावर इंग्रजींत इतकीं पुस्तकें झालीं कीं एखाद्या धर्मशास्त्रावरही तितकीं नसतील.

परंतु या पुस्तकांतून एक गोष्ट सहज निसटून जाते. कितीतरी शतकें ही माशी बोटांत धरून बांधीत असत. डाव्या हाताचा आंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटींत आंकडा, आणि उजव्या हातांत धागा. म्हणजे डावा हात हाच शेगडा. आंकडा घट्ट धरणें, पीस जागेवर दाबून ठेवणें, धागा सैल पडूं न देणें हीं तीन कामें डावा हात एकाच वेळीं करी, आणि पाहणाऱ्यास मात्र उजव्या हाताचेंच कौशल्य दिसे. ज्याचा एक हात गेला त्यास हा धंदा सर्वस्वीं बंद होता. नेल्सन दुसऱ्याच्या हातची माशी घेऊन मासे मारूं शकला असता. परंतु त्या काळच्या रीतीनें ती एका हातानें बांधणें कोणासही साधणारें नव्हतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लहानसा शेगडा माशी बांधणाराच्या मेजावर आला. सुतार-लोहाराकडे असतो तसाच, फक्त जबडे चिमट्यासारखे बारीक. जुन्या मुरलेल्या लोकांनीं त्यास नाकें मुरडलीं. बोटांस जें कळतें तें लोखंडास काय कळणार, असा त्यांचा आक्षेप. त्यांपैकीं कांहींनीं विसाव्या शतकांतही बोटांतच माशा बांधिल्या, आणि उत्तम बांधिल्या. पण त्या क्षुल्लक लोखंडी तुकड्यानें एक हात मोकळा केला होता. नंतर धाग्याचें रीळ धरणारी दांडी आली. तिला बारीक नळी असते, नळींतून धागा येतो, आणि हात सोडला तरी दांडीच्या वजनानें धागा ताणलेला राहतो. त्यानंतर आडव्या आंसावर फिरणारा शेगडा आला. त्यांत धागा आंकड्याभोंवतीं नेण्याऐवजीं आंकडाच फिरवितां येतो. हीं सुधारणा करणारांच्या मनांत जायबंदी शिपाई नव्हता. काम जलद व सफाईचें व्हावें एवढाच हेतु होता. तथापि ज्या दिवशीं डाव्या हाताचीं कामें एकेक करून मेजावरच्या साधनांकडे गेलीं, त्या दिवसापासून एका हाताच्या माणसास आंत येण्यास दार उघडें झालें. तो आंत आला मात्र पुष्कळ उशिरानें.

येथें थोडें आडवाटेनें जावयास हरकत नाहीं, कारण ती वाट आपल्याच सह्याद्रींतून जाते. सामन माशासाठीं व्हिक्टोरिया राणीच्या काळीं ज्या भपकेबाज माशा बांधीत, त्यांच्या दोन्ही बाजूंस एक लहान पीस बसवीत. त्या पिसावर लाखेचा थेंब पडून वाळल्यासारखा चकचकीत पिवळट-पांढरा ठिपका असतो. हें पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचें. हा पक्षी दक्षिण भारताच्या व पश्चिम घाटाच्या रानांत राहतो, आणि त्याच्या शास्त्रीय नांवांत सोनेरा या फ्रेंच प्रवासी निसर्गशास्त्रज्ञाचें नांव गुंफलें आहे. स्कॉटलंडच्या नद्यांवरील शौकिनांसाठीं आपल्या रानांतील कोंबड्यांच्या मानांचीं कातडीं जहाजानें जात. १९०२ सालीं हिंदुस्थान सरकारनें रानपक्ष्यांचीं पिसें व कातडीं परदेशीं पाठविण्यास बंदी केली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पक्ष्यास संरक्षण मिळालें. आज परदेशांतील शौकीन पिंजऱ्यांत वाढविलेल्या रानकोंबड्यांचीं पिसें वापरतात. एका चकचकीत ठिपक्यासाठीं एवढा खटाटोप, हें ज्यास हास्यास्पद वाटेल त्यानें घरांतील भरजरी वस्त्रें एकदां आठवावीं.

आतां जायबंदी शिपायाकडे वळावयाचें. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झालें, आणि त्यांत हजारों तरुणांचे हातपाय शस्त्रवैद्यांच्या करवतीखालीं गेले. युद्ध संपल्यावर न्यूयॉर्कमधील विल्यम ओलंड बोर्न नांवाच्या संपादकानें एक अपूर्व स्पर्धा काढिली. उजवा हात गमावलेल्या उत्तरेकडील शिपायांनीं डाव्या हातानें सुवाच्य अक्षरांत एक कागद लिहून पाठवावा. एकूण बक्षिसें एक हजार डॉलरांचीं. पहिल्याच वेळीं अडीचशेंवर शिपायांनीं कागद पाठविले. पुष्कळांनीं आपण कोणत्या लढाईंत हात गमाविला तेंच लिहिलें होतें. हे कागद आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत जतन केलेले आहेत. बोर्नचा हेतु व्यवहारी होता: ज्यास लिहितां येतें त्यास कारकुनी मिळेल, आणि ज्यास कारकुनी मिळेल तो रस्त्यावर हात पसरणार नाहीं.

पुढील पन्नास वर्षें हाच विचार चालला. १९१४ च्या महायुद्धांत एकट्या ब्रिटिश सैन्यांतील एक्केचाळीस हजारांहून अधिक लोकांनीं एखादा तरी अवयव गमाविला. १९१५ सालीं लंडनजवळ रोहॅम्प्टन येथें कृत्रिम अवयवांसाठीं रुग्णालय उघडलें. लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या कारखान्यांतून जायबंदी शिपाई खेळणीं, ब्रश आणि लांकडी सामान करूं लागले. आपल्याकडेही लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें १९१७ सालीं मुंबईंत जायबंदी हिंदी शिपायांस धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी शाळा निघाली. ती पुढें खडकीस गेली. १९४४ सालीं, दुसरें महायुद्ध चालू असतांना, पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झालें. या सर्व संस्थांचा प्रश्न एकच होता, हा मनुष्य पोट कसें भरील? प्रश्न रास्त होता. हात गेलेला शेतकऱ्याचा मुलगा गांवीं परत गेल्यावर नांगर कोणी धरावयाचा, याचें उत्तर पदकानें मिळत नाहीं.

याच काळांत अमेरिकेंत एक दुसरा विचार मूळ धरूं लागला. १९१७ च्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्क राज्यांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गांवीं कांहीं मंडळींनीं एकत्र येऊन एक मंडळ स्थापिलें. रोग्यास हातांनीं करावयाचें कांहींतरी काम द्यावें, कारण काम हेंच औषध आहे, असें त्यांचें म्हणणें. टोपल्या विणणें, माग चालविणें, लांकूड कोरणें यांतून बोटांची हालचाल परत येते आणि मनही ताळ्यावर येतें. ही व्यवसायोपचाराची विद्या मुंबईस आणिली ती कमलाबाई निंबकर यांनीं. त्या जन्मानें अमेरिकन, विवाहानें महाराष्ट्रीय. १९५० सालीं त्यांनीं के. ई. एम. रुग्णालयांत या विद्येची शाळा काढिली. आशिया खंडांत तशी शाळा पूर्वीं नव्हती.

वॉशिंग्टन शहरांतील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालय १९०९ सालीं उघडलें, आणि पहिल्या महायुद्धाच्या वेळीं तेथेंही या उपचारास जागा मिळाली. ज्या मेजर रीडचें नांव त्यास दिलें त्यानें पीतज्वर डासांमुळें पसरतो हें सिद्ध केलें होतें. कीटकांशीं त्या वास्तूचें नातें असें पहिल्यापासूनचें. २००१ नंतर अफगाणिस्तानांत आणि २००३ नंतर इराकांत अमेरिकन सैन्य लढूं लागलें तेव्हां या रुग्णालयांत निराळ्याच प्रकारचे जखमी येऊं लागले. शत्रु रस्त्यांत सुरुंग पुरून ठेवी. शिपायाच्या छातीपोटावर चिलखत असे, त्यामुळें प्राण वांचे. हातपाय मात्र उघडे राहत. रक्तस्राव बांधण्याची पद्धतही सुधारली होती. पूर्वींच्या युद्धांत जे मेले असते ते आतां एक हात, एक पाय, कधीं तिन्ही-चारी अवयव गमावून जिवंत घरीं आले. अशांची संख्या दीड हजारांच्या वर गेली.

२००४ सालीं याच रुग्णालयांत एड निकोल्सन नांवाचे निवृत्त आरमारी कप्तान शस्त्रक्रियेसाठीं दाखल झाले होते. त्यांनीं व्हिएटनामचें युद्ध पाहिलें होतें. आवारांत फिरणारीं हीं विशीतील मुलें त्यांच्या दृष्टीस पडलीं, आणि बरे झाल्यावर यांस मासेमारीस न्यावें असें त्यांच्या मनांत आलें. २००५ सालीं त्यांनीं आणि स्थानिक मासेमारी मंडळांतील स्वयंसेवकांनीं रुग्णालयाच्या हिरवळीवर काठी फेंकण्याचे आणि आंत मेजाभोंवतीं माशी बांधण्याचे वर्ग सुरू केले. ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ असें त्या उपक्रमाचें नांव. पुढें त्याच्या शाखा अमेरिकेंतील दोनशेंवर ठिकाणीं पसरल्या. शिपायास एक पैही पडत नाहीं.

एका हातानें माशी बांधतात तरी कशी? पहिली अडचण धाग्याच्या पहिल्या वेढ्यालाच येते. धाग्याचें मोकळें टोंक एका हातानें धरावें आणि रीळ दुसऱ्या हातानें फिरवावें, तेव्हां वेढ्यावर वेढा चढून धागा अडकतो. दुसरा हात नसेल तर? टोंक दांतांत धरितात. दांत नको असतील तर मेजाच्या कडेस कपडे वाळत घालण्याचा चाप लावून त्यांत अडकवितात. पांचसहा वेढे पडले कीं दांडी खालीं सोडून द्यावयाची. वजनानें धागा ताठ राहतो.

त्यापूर्वीं आंकडा शेगड्यांत बसलेला असावा लागतो. स्क्रूचा शेगडा एका हातानें जिकिरीचा. आंकडा धरावा तर स्क्रू फिरत नाहीं, स्क्रू फिरवावा तर आंकडा पडतो. यासाठीं दट्ट्याचा शेगडा बरा. जबडे आंकडा जेमतेम अडकेल इतके आधींच लावून ठेवावयाचे, आंकडा त्यांत टेकवावयाचा आणि दट्ट्या दाबावयाचा. शेगडाही जड पायाचा किंवा मेजास आवळलेला हवा, नाहींतर तो हाताबरोबर सरकतो.

शेपूट बांधणें हें सर्वांत कठीण काम. पिसाचे मऊ तंतु दांडीच्या बरोबर माथ्यावर राहिले पाहिजेत, आणि धागा आवळतांना ते पलीकडच्या बाजूस घसरतात. दोन हातांचा मनुष्य तंतु चिमटींत धरून धाग्याचा सैल फांस चिमटीआड घेतो आणि मग ओढितो. एका हाताच्या माणसास चिमटी आणि ओढणें हीं एकामागून एकच करितां येतात. म्हणून दांडीवर आधीं मेणाचा किंवा डिंकाचा हात फिरवून तंतु चिकटवून घेतात, मगच धागा. ज्याचा कोपराखालचा थोडा भाग शिल्लक आहे तो त्या खुंटानें तंतु दाबून धरितो. ज्यानें कृत्रिम हात लाविला आहे त्याची रीत आणखी निराळी. डॉरन्स नांवाच्या अमेरिकन माणसानें लांकूड कापण्याच्या कारखान्यांत स्वतःचा हात गेल्यावर दुभंगलेल्या आंकड्याचा हात तयार केला आणि १९१२ सालीं त्याचें पेटंट घेतलें. खांद्याच्या हालचालीनें उघडणारा तो आंकडा दिसण्यांत मुळींच सुंदर नाहीं, परंतु पीस धरण्याच्या कामीं सुबक रबरी हातापेक्षां तो कितीतरी उपयोगाचा.

पुढचें काम त्यामानानें सोपें. लोकरीसारखा जाड गोंडेदार धागा पुढें नेत पोट भरावयाचें; शेगडा फिरणारा असेल तर खुंटानें मूठ फिरवावी आणि बोटांनीं धागा पुढें न्यावा. कोंबड्याचें पीस चिमट्यांत पकडून वेढे घ्यावे; मध्येंच हात सोडावा लागला तर चिमटा लोंबकळत राहतो आणि पीस उलगडत नाहीं. कातर तळहातांतच धरून ठेवितात, म्हणजे ती शोधीत बसावें लागत नाहीं. शेवटची गांठ बोटांनीं न मारतां टांकाच्या टोपणासारख्या लहान नळीनें मारितात: नळीवर धाग्याचा एक फांस घ्यावयाचा, नळी आंकड्याच्या डोळ्यावर टेकवावयाची, फांस घसरवून आवळावयाचा. असें तीनदां. वर व्हार्निशचा थेंब.

सुरुवातीस वूली बगर नांवाची ढोबळ माशी देतात. १९६७ सालीं पेन्सिल्व्हेनियांत निघालेल्या या माशीस पंख नाहींत. शेपूट, पोट आणि भोंवतीं फिरविलेलें पीस एवढेंच. ती ओबडधोबड झाली तरी मासे घेतात. आणि येथेंच या कलेचें वेगळेपण आहे. टोपली वांकडी झाली तर पाहणारा शिपायाच्या बाहीकडे बघून वाहवा करितो, आणि ती वाहवा शिपायास टोंचते. माशीची परीक्षा मासा करितो. ती कोणी, किती हातांनीं बांधिली याची त्यास वार्ताही नसते.

या उपक्रमावर आक्षेप घेतां येतो, आणि तो हलका नाहीं. पूर्वींच्या संस्थांनीं शिपायास धंदा दिला. ही संस्था त्यास खेळ देते. ज्या सरकारानें त्यास युद्धावर धाडिलें त्याचें कर्तव्य निवृत्तिवेतनाचें आणि नोकरीचें. पिसें बांधून तें फिटत नाहीं. हें सर्व खरें. पण पोटाची सोय झाल्यावरही कित्येक जण रात्रीं झोंपेंतून दचकून उठत, गेलेल्या हाताचीं बोटें आवळल्याच्या वेदनेनें तळमळत, घराबाहेर पडेनासे होत. गेलेला अवयव दुखतो ही गोष्ट यादवी युद्धांतील शिपायांवर उपचार करणाऱ्या वेअर मिचेल या वैद्यानें वर्णिली आणि १८७१ सालीं तिला नांव दिलें. तेव्हांपासून तिच्यावर रामबाण उपाय निघालेला नाहीं. अशा माणसास तासभर नखाएवढ्या वस्तूवर नजर खिळवून बसतां येतें, दुसऱ्या जायबंदी माणसाच्या शेजारीं, आणि बोलावें लागत नाहीं, हें कमी नव्हे. मासे मारण्यांतील हिंसेचा प्रश्न आपल्याकडील पुष्कळ घरांत उठेल. या मंडळींत धरलेला मासा बहुधा लगेच पाण्यांत सोडून देतात. आक्षेप त्यानें पुरता जात नाहीं, पण निम्मा जातो.

बांधलेली माशी पाण्यावर टाकण्यासही नेहमीं दोन हात लागतात, एक काठीस आणि एक दोरीस. एका हाताचा मनुष्य दोरी दांतांनीं ओढितो, किंवा काठी कमरेच्या पट्ट्यांत खोंचून मोकळ्या हातानें ओढितो. जपानांतील डोंगरी कोळ्यांची तेन्कारा नांवाची रीत याहून सोयीची. तींत लांब काठीच्या शेंड्यासच दोरी बांधलेली असते, चाक नसतें, आणि एका हातानें सर्व भागतें.

वॉल्टर रीडचें जुनें रुग्णालय २०११ सालीं बंद होऊन बेथेस्डा येथील आरमारी रुग्णालयांत विलीन झालें, तरी माशी बांधण्याचे वर्ग चालू राहिले. या वर्गांत सर्वांत अवघड धडा शिक्षकाचा असतो. तीस-चाळीस वर्षें दोन हातांनीं माशा बांधलेल्या माणसास आपला डावा हात नेमका काय करितो हें सांगतां येत नाहीं, कारण तो हात तें न सांगतां करीत आलेला असतो. तो हात कोटाच्या खिशांत घालून, धाग्याचें टोंक दांतांत धरून, एक वूली बगर पुरी करून पाहिल्याशिवाय समोरच्या शिपायास काय सांगावें हें त्यास कळत नाहीं.